चापडा आणि रसेलसाहेब

लासूर स्टेशनच्या आसपास चापडा नसतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर काकू-मावश्यांचे फोन सुरू होतील. हा हिरवा, झाडाझुडपांत राहणारा विषारी साप सह्याद्रीच्या पावसाळी रानातला. आपल्या माळरानाशी त्याचं काही जमत नाही.

मग त्याच्यावर लिहायचं कशाला? तर त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि थोडा आपल्या कामाचाही.

पॅट्रिक रसेल नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. दंशाने माणसं मरतात, पण कुठला साप विषारी हे नक्की कळत नाही, ही त्याची अडचण. तो साप गोळा करत गेला, स्थानिक लोकांना नावं विचारत गेला आणि १७९६ साली त्याचं सचित्र पुस्तक निघालं. त्यात विशाखापट्टणकडचा एक हिरवा साप आहे, तेलुगू नावासकट: 'बोड्रू पाम'. तोच आपला चापडा. १८०२ मध्ये जॉर्ज शॉने त्याला लॅटिन नाव दिलं, त्यातल्या 'ग्रॅमिनियस'चा अर्थ गवतासारखा. आणि घोणशीच्या शास्त्रीय नावात रसेल अजून आहेच!

पुढे त्याची प्रजाती बदलत गेली. बरीच वर्षं तो 'ट्रायमेरेसुरस'मध्ये होता, २०२१ पासून 'क्रास्पेडोसेफॅलस'मध्ये. कोकणातला माणूस मात्र चापडाच म्हणतो.

डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खाच असते. तिने त्याला भक्ष्याची ऊब कळते, म्हणून अंधारातही नेम चुकत नाही.

आता कामाचं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापडा त्यात नाही. त्याच्या दंशाने मरण क्वचितच येतं, पण सूज आणि वेदना भयंकर. म्हणून पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्या भाचेमंडळींनी फांदीला हात लावण्याआधी बघावं. चावलाच तर दोरी बांधत, चिरे देत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

आणि आपल्या बांधावर हिरवा साप दिसला, तर तो बहुधा गरीब बिचारा गवत्या असतो. त्याला पाहून काठी शोधणारे हात मी पुष्कळ पाहिलेत. लांबूनच बघावं आणि जाऊ द्यावं. ओळख पटली तर माणूसही वाचतो आणि सापही. रसेलसाहेबांनी एवढा खटाटोप केला तो याच ओळखीसाठी.