रॉक गीतांतील गृहत्याग व व्यक्तिस्वातंत्र्य

रॉक संगीताच्या गीतरचनेतील एक प्रमुख आशयसूत्र. घर, गाव किंवा प्रिय व्यक्ती यांचा निरोप घेऊन स्वतंत्र आयुष्य शोधणे, हे त्याचे सामान्य स्वरूप होय. त्याचे एक महत्त्वाचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गीतांत आढळते. सु. १९१०–७० या काळात सु. ६० लाख कृष्णवर्णीयांनी वर्णभेद व दारिद्र्य यांमुळे दक्षिणेकडील राज्ये सोडली. त्यांच्या गीतांत आगगाडी व रस्ता ही सुटकेची प्रतीके बनली. चक बेरीच्या ‘प्रॉमिस्ड लँड’मधील (१९६४) प्रवासी व्हर्जिनियातून बस, आगगाडी व विमान यांनी कॅलिफोर्निया गाठतो.

गोऱ्या तरुणांच्या रॉक गीतांत हीच प्रतीके मुख्यतः स्वेच्छेची द्योतक ठरली. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न टू रन’मध्ये (१९७५) मोटार व हमरस्ता कोंदट गावातून बाहेर पडण्याची वाट दाखवितात. तथापि या स्वातंत्र्याचे मोलही गीतकारांनी जाणले. वृत्तपत्रातील बातमीवरून सुचलेल्या बीटल्स वृंदाच्या ‘शीज लीव्हिंग होम’मध्ये (१९६७) घर सोडणाऱ्या मुलीच्या कथेबरोबर आईवडिलांची व्यथाही ऐकू येते. जॅनिस जॉप्लिनने (१९४३–७०) गायिलेल्या ‘मी अँड बॉबी मगी’मध्ये स्वातंत्र्याला विरहाची किनार आहे, हे गीत तिच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये लोकप्रिय झाले. ट्रेसी चॅपमनच्या ‘फास्ट कार’ची (१९८८) नायिका मद्यपी पित्यासाठी शिक्षण सोडते, पुढे गाव सोडूनही तिची ओढाताण संपत नाही. जाण्याची मुभा व जगण्याची साधने यांतील हे अंतर दाखविणारी गीते या परंपरेत विशेष महत्त्वाची ठरतात.