‘कालचं’ परत मागताना : बॅकअपचा नव्हे, रिस्टोरचा इतिहास



आजचा विषय म्हटला तर अगदी छोटा आहे. चुकून पुसलेली फाईल परत कशी आणायची? बॅकअपविषयी आपण बरंच ऐकतो. रोज घ्या, दोन ठिकाणी ठेवा वगैरे. पण बॅकअप घेणं हे अर्धंच काम झालं. घेतलेली प्रत परत आणता येते का, हा खरा प्रश्न. म्हणून आज इतिहास बघायचा तो रिस्टोरचा.

सुरुवात बेल लॅब्जमधल्या युनिक्सपासून करू. सत्तरच्या दशकात डिस्क महाग होती, जागा तुटपुंजी. त्यामुळे डिस्कवरचा मजकूर चुंबकीय टेपवर उतरवून ठेवत. उतरवायच्या कमांडचं नाव ‘डंप’, परत आणायच्या कमांडचं ‘रिस्टॉर’. नावातलं शेवटचं ‘ई’ अक्षर गाळलेलं. कमी अक्षरं टंकायची, ही युनिक्सची जुनी सवय.

आता बघा, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत हे कसं चालायचं. समजा तुम्हांला एकच फाईल हवी आहे. पहिली टेप चढवायची आणि कमांड द्यायची. रिस्टॉर सांगणार, फाईल सापडली, तिचा क्रमांक अमुक. मग योग्य ती टेप लावली की फाईल बाहेर यायची, पण स्वतःच्या नावानं नाही, तर त्या क्रमांकाच्या नावानं! हा क्रमांक म्हणजे फाईल सिस्टिमच्या अंतर्गत नोंदीचा आकडा, आयनोड. म्हणजे लेकरू परत मिळालं, पण बारसं पुन्हा तुम्हीच करायचं. (हशा)

आणि अख्खी डिस्क परत भरायची असेल तर? तेव्हा प्रोग्रॅम थांबून बजावायचा की, या डिस्कवर गिरगटण्यापूर्वीची ही शेवटची संधी. हा विनोद नव्हता, बरं का. परत आणणं हेसुद्धा धोक्याचं काम असतं. चुकीच्या डिस्कचं नाव दिलंत, तर उरलंसुरलंही गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

१९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समध्ये, म्हणजे बीएसडी ४.२ मध्ये, नवी ‘रिस्टोर’ आली. आता ‘ई’सकट! तिच्यात संवादाची सोय होती. बॅकअपच्या आत शिरायचं, एखाद्या फोल्डरमध्ये फिरावं तसं फिरायचं, हव्या त्या फायली यादीत घालायच्या आणि म्हणायचं, काढ बाहेर. फायली आपापल्या नावानं परत.

पण रोज सगळी डिस्क उतरवणं परवडत नसे. म्हणून पातळ्या केल्या, ० ते ९. शून्य म्हणजे सगळं. त्यापुढची पातळी म्हणजे तिच्याहून खालच्या पातळीची शेवटची प्रत घेतल्यानंतर जे बदललं तेवढंच. बीएसडीच्या डंपच्या माहितीपुस्तिकेत यासाठी एक क्रम सुचवलेला आहे : ३, २, ५, ४, ७, ६, ९, ८, ९, ९. हा क्रम घेतलाय ‘टॉवर ऑफ हॅनोई’ या कोड्यावरून. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये ते बाजारात आणलं. आणि त्याला जोडलेली दंतकथा कुठली? आपल्या काशीची! तिथल्या मंदिरात ६४ सोन्याच्या चकत्या पुजारी अहोरात्र हलवत असतात, अशी. कथा फ्रान्समध्येच रचलेली, पण फिरत फिरत टेपच्या कपाटापर्यंत पोचली.

या क्रमाचा फायदा परत आणताना कळतो. समजा शून्यानंतर ३, २, ५, ४ अशा चार प्रती घेतल्या आणि डिस्क बिघडली. टेपा पाच आहेत, पण लागतात तीनच : ०, मग २, मग ४. बाकीच्या दोन या तिघींमध्ये सामावल्या आहेत. मात्र क्रम चुकवायचा नाही. शिवाय मधल्या दिवसांत मुद्दाम पुसलेल्या फायली पुन्हा जिवंत होऊ नयेत, म्हणून रिस्टोर स्वतःची एक नोंद-फाईल ठेवते आणि पुढच्या टेपच्या वेळी ती वाचते.

इथवर सगळं टेपवर. टेपचा स्वभाव असा की ती सुरुवातीपासून उलगडत जावं लागतं. ती चढवणारा माणूसही वेगळा. त्यामुळे एका फाईलसाठी त्याला त्रास द्यायचा की नाही, याचा आपण दहादा विचार करणार.

हे चित्र पालटलं डिस्कमुळे. बेल लॅब्जमध्येच पुढे ‘प्लॅन नाइन’ ही नवी प्रणाली तयार झाली. तिचा फाईल सर्व्हर रोज पहाटे ५ वाजता फाईल सिस्टिम क्षणभर गोठवायचा आणि बदललेले भाग एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर पाठवायचा. प्रत्येक दिवसाची प्रत वर्ष आणि तारखेच्या नावानं साध्या फोल्डरसारखी समोर. आणि एक कमांड होती, तिचं नावच ‘यस्टरडे’. काल! फाईलचं नाव द्या, ती कालच्या प्रतीचा पत्ता सांगणार. मग नेहमीच्या कॉपी कमांडनं ती उचलायची. ना ऑपरेटर, ना टेप, ना कुणाची मनधरणी.

नव्वदच्या दशकात स्नॅपशॉटची हीच कल्पना नेटॅपच्या फाईल सर्व्हरमधून बाजारात आली. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ दिलं. फक्त बदललेला भाग पाठवून ते दुसऱ्या यंत्रावर प्रत तयार करतं. तिथून परत आणायचं तर तीच कमांड, फक्त दिशा उलटी.

मग प्रश्न सुटला का? ३१ जानेवारी २०१७ कडे बघू. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचे प्रकल्प सांभाळणारी कंपनी. रात्री उशिरा तिथला एक अभियंता दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेस पुसून नव्यानं भरणार होता. पुसायची कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत त्यानं ती थांबवली, पण सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी शिल्लक होतं. ‘शेवटची संधी’ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा डेटाबेस-डंप? ती जागा रिकामी. डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. तसं कळवणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते. क्लाउडमधले डिस्क-स्नॅपशॉट? डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ते चालूच केलेले नव्हते.

कामाला आला तो एक स्नॅपशॉट. दुर्घटनेच्या सुमारे ६ तास आधी, चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून, हातानं घेतलेला. तो परत भरायला सुमारे १८ तास गेले, कारण चाचणीच्या यंत्राची डिस्क संथ. मधल्या सहा तासांतल्या सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीनं हे सगळं स्वतः जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

आता नीट बघा, कोणती प्रत वाचली? संकटासाठी म्हणून राखलेली नव्हे. चाचणीसाठी जी नेहमी घेऊन परत भरली जात होती, ती वाचली. ‘यस्टरडे’चं मोठेपण इथेच आहे. लोक रोज सहज काल परत मागत होते, म्हणून त्या प्रतीची परीक्षाही रोज होत होती. न वापरलेली प्रत मुकाट्यानं बिघडते, आणि ते कळतं नको त्या दिवशी.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. बॅकअपमधली एक फाईल निवडा, दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा. मूळ फाईलवर नको. ‘गिरगटण्यापूर्वीची शेवटची संधी’ विसरू नका. फाईल उघडली, तर तुमच्याकडे बॅकअप आहे असं म्हणता येईल.

इथे थांबतो.