कसबा, मौजे, तर्फ: फारसी लिहिलेली आपली गावं

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून. कागल तालुक्यातल्या गावांची एक यादी साफ करायची होती. गावाच्या नावाआधी कुठं 'कसबा', कुठं 'मौजे'. मला तो कचरा वाटला, म्हणून स्क्रिप्टमध्ये एका ओळीत दोन्ही शब्द उडवले. झालं काय, तर कसबा सांगाव आणि मौजे सांगाव ही दोन वेगळी गावं एकच झाली. दोन ग्रामपंचायती, दोन लोकसंख्या आणि माझ्याकडं एकच ओळ! तिकडच्या मित्राला दाखवलं, तर म्हणाला, "लेका, आमचं गावच खाल्लंस की."

मग डोकं त्यात गेलं. हे शब्द नाव नाहीत, दर्जा आहेत. आज आपण ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद म्हणतो, तसा त्या काळचा दर्जा. मौजे म्हणजे शेतीवर चालणारं गाव. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. कसबा म्हणजे आसपासच्या मौज्यांचं मुख्य ठिकाण. तिथं बाजार भरणार, सरकारी माणसं बसणार, बाजाराचं बघायला शेटे-महाजन असणार. दोन्ही शब्द मूळ अरबी, पण आपल्याकडं आले फारसी कारभारातून, बहमनी आणि मग आदिलशाहीच्या. पेठ मात्र त्यातली नाही बरं का. ती दक्षिणेकडची, कन्नडमध्ये पेटे, तमिळमध्ये पेट्टै. हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे आणि मौजे वडगावही आहे. पहिलं आज नगरपालिकेचं शहर, दुसरं अजून खेडं. जुनं लेबल तिथं अजून खरं आहे.

सगळीकडं तसं नाही. करवीर तालुक्यातलं कसबा बीड घ्या. गावात शिलाहार काळातले वीरगळ आहेत, म्हणजे 'कसबा' हा शब्द इथं यायच्या आधीपासून ते ठिकाण मोठं होतं. कारभाराची भाषा आली आणि आधीच्या मोठेपणावर आपला शिक्का मारून गेली. आज ते खेडंच आहे, शिक्का तेवढा राहिला.

आता गंमत बघा. इराणमध्ये खरोखर फारसी बोलणाऱ्या एखाद्या खेड्याची सरकारी ओळख कशी असते? हे गाव अमुक दिहिस्तानात, ते अमुक बख्शात, शहरिस्तानात, ओस्तानात. लोकसंख्या इतकी, कुटुंबं इतकी. दिहिस्तान म्हणजे गावांचा गट, कारण 'दिह' किंवा 'देह' म्हणजे गाव. हाच देह आपल्या मराठेशाहीच्या कागदांत आहे! 'देहझाडा' म्हणजे शरीराची झडती नव्हे, गावांची तपशीलवार यादी. जनगणनेला जुना मराठी शब्द खानेसुमारी, तोही फारसीच. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. थोडक्यात, आपल्या गावात फारसी कुणी बोललं नाही, पण गाव मोजायचं, लिहायचं आणि त्याचा दर्जा ठरवायचा तो फारसी शब्दांत. आणि लिहिणारा कुलकर्णी, तेही मोडीत.

शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारातली पदं बदलली. पण गावाच्या पुढचे-मागचे शब्द हलले नाहीत. माझ्या मते कारण सरळ आहे: सनद, वतन, हद्दीचा तंटा, सगळं त्याच नावावर. शब्द बदलला की कोण कुठल्या सांगावचा हे पुन्हा सिद्ध करत बसा. माझ्या स्क्रिप्टनं तेच केलं होतं.

कळंबा घ्या. तलाव आणि कारागृहामुळं सगळ्यांना माहीत. कागदावर ते 'कळंबे तर्फ ठाणे'. करवीरमध्येच आणखी एक आहे, 'कळंबे तर्फ कळे'. तर्फ म्हणजे जुना महसुली विभाग. विभाग कधीच गेला, पण दोन कळंब्यांना वेगळं ठेवायचं काम अजून तोच करतोय.

आता खरा प्रश्न. पूर्वी दर्जा ठरायचा कामावरून, आता मुख्यतः आकड्यावरून. जनगणनेत गाव 'शहर' धरायला किमान ५,००० लोक, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर असावे लागतात. तिन्ही जमलं, तर कारभार ग्रामपंचायतीचा असूनही जनगणनेच्या कागदावर ते शहर! आणि कोल्हापुरात या दर्जावर आंदोलनं होतात. १५ डिसेंबर १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढ गाजतेय. शहर म्हणतं वाढायला जागा द्या. गावं म्हणतात घरफाळा वाढेल आणि ग्रामपंचायत जाईल. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण आलं. भांडणाचा शब्द तरी बघा: 'हद्द' अरबी, 'वाढ' आपली.

मला दोन्ही बाजू पटतात, पण थोडी जास्त गावांची. कसबा बावडा शहरात येऊन जमाना झाला, तरी तिथला माणूस आधी बावड्याचा असतो, मग कोल्हापूरचा. नाव टिकलं. पण स्वतःची पंचायत गेली ती गेलीच, आणि गावांना भीती नेमकी तिचीच आहे.

येत्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ला हद्दी गोठवायचं ठरलं. पहिला टप्पा घरांच्या यादीचा, माणसं मोजणार नंतर. म्हणजे आधी खानेसुमारीच की!

माझ्या यादीत आता दोन्ही सांगाव वेगवेगळ्या ओळींत आहेत. तुमच्या गावाला कसबा, मौजे, तर्फ असं काही लागत असेल तर कळवा. बुद्रुक आणि खुर्दवाल्यांनी थांबा, तुमचा भाग पुढचा.