पांढरीची साक्ष

मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांचे निवाडे वाचू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथम मनात भरते. राजसत्ता एका मोहिमेतून दुसऱ्या मोहिमेत गुंतलेली, ठाणी आज एकाच्या तर उद्या दुसऱ्याच्या अमलाखाली जाणारी, आणि निकाल बजावण्यास लागणारी माणसे दिवाणाजवळ क्वचितच पुरेशी असणारी, अशा त्या काळात पाटीलकी-देशमुखीचे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वाद जे मिटत, ते प्रामुख्याने माणसाला आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाचे जे भय वाटे त्याच्या बळावर मिटत. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांत आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जपलेल्या दप्तरांत या भयाचे आणि त्यावर उभारलेल्या व्यवस्थेचे असंख्य दाखले आहेत. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्याचा पायाही बहुतांशी असल्याच कागदांचा आहे. धर्म, कायदा आणि नित्याचा व्यवहार ही तीन निरनिराळी दालने आहेत अशी आपली आजची समजूत असते. या कागदांत मात्र त्यांच्यामधील भिंत कोठे आहे हे शोधूनही सापडत नाही.

वाद उभा राहिला की प्रथम फिर्याद करणारा तो अग्रवादी आणि उत्तर देणारा तो पश्चिमवादी, अशी उभयतांची नावे लागत. दोघांकडूनही राजीनामे लिहून घेत. म्हणजे अमुक थळी, अमुक मजालसीपुढे जो निवाडा होईल तो आपण मान्य करू, असे त्यांना निकालापूर्वीच बांधून घेतले जाई. त्यासाठी जामीनही द्यावा लागे. मग प्रत्येकाने आपला करीना, म्हणजे वतन आपल्या घराण्याकडे कसे आले आणि त्याचा भोगवटा कसकसा चालत आला याची हकीकत, सादर करावयाची. हाजीर मजालसीत, म्हणजे निवाड्यास जमलेल्या सभेत, दिवाणाचे अधिकारी, देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार असे सर्व बसत, आणि जो महजर, म्हणजे निवाडापत्र, तयार होई त्यावर लिहितावाचता न येणाऱ्यांच्या निशाण्या उमटत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याची जी वृत्ती तिचे चिन्ह. जागच्या गोतावर, म्हणजे तेथील वतनदार-बलुतेदारांच्या या सभेवर, एखाद्या पक्षाचा विश्वास नसेल, प्रतिपक्षाचा तेथे दाब आहे अशी त्याची तक्रार असेल, तर वाद परस्थळी नेण्याची सोय होती. न्याय करणाऱ्याच्या निःपक्षपातावर पक्षकाराची श्रद्धा असली पाहिजे, हे तत्त्व त्या काळाने अशा रीतीने प्रत्यक्ष व्यवहारात उतरविले होते.

या सगळ्या व्यवस्थेचा प्राण साक्षीत होता. दस्तऐवज हरवत, जळत, बनावटही निघत. शिक्का खरा की खोटा हे ठरविण्याची साधने तुटपुंजी होती. पण ज्या पांढरीत, म्हणजे ज्या गाववस्तीत, माणूस जन्मला आणि ज्या पांढरीत तो मरणार, त्या पांढरीच्या लोकांनी देवालयात, स्नान करून, बेलभंडार हाती घेऊन सांगितलेली हकीकत सहसा नाकारली जात नसे. साक्षीदारास आधी बजावून सांगत, की तुझे पूर्वज तुझ्या शब्दाची वाट पाहात अधांतरी लोंबत आहेत. खरे बोललास तर त्यांना सद्गती आहे, खोटे बोललास तर त्यांच्यासह तुझाही अधःपात आहे. ही कल्पना स्मृतिग्रंथांतून उतरलेली. परंतु ती सांगितली जात होती ती ज्या माणसाला आपल्या आजोबा-पणजोबांची नावे तोंडपाठ होती, ज्याच्या वतनाचा सारा हक्कलवाजिमा त्यांच्याच पुण्याईने आपल्याला मिळाला असे तो मानीत होता, अशा माणसाला. त्याच्या दृष्टीने पूर्वज ही केवळ धर्मग्रंथातील गोष्ट नव्हती; त्याच्या बांधाचा, त्याच्या मानपानाचा, होळीच्या पोळीचा आणि पोळ्याच्या बैलाचा तो पाया होता. खोट्या साक्षीने तो पाया स्वतःच्याच हाताने उपटला जातो, हे त्याला सांगावे लागत नसे.

मानवी प्रमाण खुंटले म्हणजेच दैवी प्रमाणाकडे वळावयाचे, हा क्रम याज्ञवल्क्यस्मृतीने घालून दिला आहे. लेख, भोगवटा आणि साक्षी ही तीन प्रमाणे प्रथम, आणि त्यांपैकी एकही उपलब्ध नसेल तरच दिव्य. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने त्या स्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा टीका महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली, आणि आमच्या गोतसभांचा व्यवहार पुष्कळ अंशी याच क्रमाने चाले. याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली. महाराष्ट्रात विशेष प्रचारात आले ते रवादिव्य. देवालयाच्या प्रांगणात भांड्यात तेल आणि तूप कढवीत, त्यात धातूचा लहानसा रवा टाकीत. दिव्य करणाऱ्याची नखे काढून, हात स्वच्छ धुऊन, त्यावर आधीचे व्रण-डाग असतील ते मजालसीसमक्ष पाहून ठेवीत. त्याच्या वादाचा मजकूर लिहिलेले भाळपत्र त्याच्या कपाळी बांधीत. मग त्याने देवाला आवाहन करून कढत तेलातून तो रवा बाहेर काढावयाचा. लगेच हातावर पिशवी चढवून तिच्यावर मोहर करीत, आणि तिसऱ्या दिवशी मजालसीपुढे ती उघडीत. हात निका निघाला तर तो खरा, पोळला वा त्यावर फोड आले तर तो खोटा.

या प्रकाराला रानटी समजूत म्हणून बाजूस सारणे फार सोपे आहे, आणि त्यातील क्रौर्य लपविण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. कोवळ्या कातडीचा प्रामाणिक माणूस आणि घट्टे पडलेल्या हाताचा लबाड माणूस यांच्यात उकळते तेल नीतीने निवड करीत नाही. पण दिव्याचा खरा परिणाम तेलात हात घालण्याच्या क्षणी होत नसून त्याच्या आधीच्या दिवसांत होत असे, असे कागद वाचताना वारंवार वाटते. दिव्याचा ठराव झाला की पक्षकाराला आपल्या घरी, आपल्या देवापुढे आणि आपल्या बायकामुलांत काही रात्री काढाव्या लागत. आणि आपला वाद खोटा आहे हे ज्याला मनातून ठाऊक असे, तो पुष्कळदा दिव्याच्या आधीच माघार घेई. हरलेल्याने पुढे येजितखत लिहून द्यावयाचे, म्हणजे आपण खोटे झालो, या वतनाशी आपला संबंध नाही, असे आपल्याच नावाने लिहून जिंकणाऱ्याच्या हवाली करावयाचे. जिंकणाऱ्याने दिवाणात हरकी-शेरणी, म्हणजे जिंकल्याची नजर, भरावयाची आणि हरलेल्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. निकालाच्या कागदाइतकेच या येजितखताला महत्त्व असे, आणि ते योग्यच होते. न्यायाधीशाने दिलेला निकाल मनुष्य मनात नाकारू शकतो. स्वतः कबूल केलेला पराभव गावात राहून नाकारणे त्याहून पुष्कळ अवघड.

शिवेच्या तंट्यांत तर हा सारा विचार एका विलक्षण रूपाने पुढे येतो. दोन गावांची शीव कोठून जाते हे सांगण्यासाठी माहितगार माणसाने शिरावर माती घेऊन त्या रेषेवरून चालावे, असे मनू आणि याज्ञवल्क्य दोघांनीही सांगितले आहे. आणि महाराष्ट्रात ही चाल ज्याच्या वाट्यास विशेषेकरून आली तो गावचा महार होता. वेसकर, शिवेचा राखणदार, सरकारी सारा ठाण्यात पोहोचविणारा, मेलेली जनावरे ओढणारा असा हा वतनदार. गावाने त्याला वस्तीच्या बाहेर ठेविले, त्याच्या सावलीचाही विटाळ मानला, देवळाच्या पायरीवर त्याला चढू दिले नाही. आणि तरीही गावाच्या एकूण एक शेतकऱ्याच्या मालमत्तेची हद्द ठरविण्याची वेळ आली की सारे गाव त्याच्या पावलांकडे डोळे लावून बसे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत, कारण त्याचे ज्ञान कोणाला नाकारता येत नव्हते. त्याच्या सत्यनिष्ठेवर भिस्त ठेवीत, कारण ती वारंवार कसास लागलेली होती. मग ज्याची सत्यनिष्ठा शिवेच्या दगडापाशी मान्य होती, त्याला पाणवठ्यावर आणि देवळात माणूस म्हणून मान्य करण्यास या समाजाची नीती कोठे अडली? माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत कठोर प्रश्न हाच आहे, आणि गोतसभेच्या गुणांचे पोवाडे गाणाऱ्या आमच्या अनेक लेखकांनी तो टाळला, हे मला क्षम्य वाटत नाही. गावाची नीती खोल होती, पण तिचा पाया गोत हा असल्यामुळे गोताच्या उतरंडीइतकीच ती तिरपी होती. स्मृतींनी कोणते दिव्य कोणी करावे हे सांगताना ब्राह्मण, स्त्री, बालक, वृद्ध, आंधळा यांना तुला दिली आणि शूद्राला विष. सत्याच्या कसोटीतदेखील वर्ण विसरला गेला नाही.

शिक्षेचा विचारही कायदा, धर्म आणि व्यवहार असा त्रिविध असे. मोठा दोष घडला म्हणजे दिवाणदंड भरावयाचा, ब्राह्मणांकडून प्रायश्चित्त घ्यावयाचे, आणि मग गोताने पंक्तीला घेऊन शुद्ध करावयाचे. यांतले एक राहिले तर मनुष्य पुरता मोकळा होत नसे. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीवर बदअमल केला म्हणून शिवाजीमहाराजांनी त्याचे हातपाय तोडविले, त्याविषयीचे १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्यातच वतनदार असणे हे दुराचरणाचे कवच होऊ शकत नाही हे तत्त्व स्पष्ट आहे. परंतु पाटीलकी त्या घराण्यातून पार काढून न घेता, त्या पंगू झालेल्या माणसाचा सांभाळ पत्करणाऱ्या त्याच्याच एका गोताईकास दिली गेली, हेही तितकेच ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि १७७३ च्या ऑगस्टात नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास जे सांगितल्याचे परंपरेने चालत आले आहे, ते देहान्त प्रायश्चित्त होते. राज्य ज्याच्या हाती आहे त्याला दंड कोण करणार? पण प्रायश्चित्ताला धनी लागत नाही, पापी तेवढा लागतो. आणि शास्त्रीबोवांनी पुण्याचे न्यायासन सोडून जाताना तीच एक सत्ता आपल्या बाजूस ठेविली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने पुढील वर्षी जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीची दिरंगाई, तिचा पक्षपात, पंचांना बोलावून आणण्यास लागणारा खटाटोप हे सर्व दोष त्याने मोजले. तरीही लोकांचा तिच्यावर विश्वास आहे हे ओळखून ती चालू ठेवावी असाच त्याचा कल होता. पण १८२७ च्या मुंबई कायद्यांनंतर अदालतीचा दरवाजा खुला राहिला, पंचांना ना वेतन ना अधिकार, आणि ज्याला गोतापुढे खोटे ठरण्याचे भय होते त्याला आता जिल्ह्याच्या ठिकाणी परक्या माणसासमोर उभे राहून दाद मागण्याचा मार्ग मोकळा झाला. हा मार्ग महाराला, विधवेला, गावाने वाळीत टाकलेल्याला पहिल्यानेच मोकळा झाला, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. मात्र ज्या कोर्टात साक्षीदाराला ओळखणारे कोणी नाही, तेथे कागद बोलू लागला. आणि कागद लिहिणारे हात सावकाराचे होते. कुणब्याचा अंगठा ज्या खतावर उमटला त्यातील रक्कम त्याने घेतली होती की नाही, हे विचारण्याची सोय कायद्यात नव्हती, आणि एकतर्फी हुकूमनाम्यांनी जमिनी गेल्या. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतील सुपे येथे जो उठाव सुरू झाला, त्यात लोकांनी प्रामुख्याने शोधून जाळली ती खते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पुरे केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कचेऱ्यांतील कारकुनांच्या आणि सावकारांच्या या संगनमताचे जे वर्णन केले, ते त्या खतांचीच दुसरी बाजू होय.

सरकारला हे अखेर उमगले. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला खताच्या पलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, गावमुन्सफ नेमले, आणि दाव्यापूर्वी समेट घडवून आणणारे सलोखेदार उभे केले. त्याआधीच पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोश्यांच्या पुढाकाराने लवाद कोर्टांचा उपक्रम केला होता. गोतसभेतील जे चांगले होते ते जातीची उतरंड वगळून परत आणता येईल काय, असा हा प्रयत्न होता, असे मी समजतो. फुल्यांनी मात्र याच प्रश्नाचे अधिक मूलगामी उत्तर शोधले. सप्टेंबर १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात सत्याची जबाबदारी पूर्वजांवरून आणि गोतावरून काढून प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या आचरणावर ठेविली. शिवेवरून माती घेऊन चालणाऱ्याची सत्यनिष्ठा आणि देवळात बसणाऱ्याची सत्यनिष्ठा एकाच मापाने मोजण्याची ही पहिली खरी तयारी होती.

कायद्याने शपथेचे काय केले हेही सांगितले पाहिजे. १८४० च्या कायद्याने हिंदूंची गंगाजलावरची आणि मुसलमानांची कुराणावरची शपथ कोर्टातून काढून टाकून तिच्या जागी प्रतिज्ञा आणली. परंतु १८७३ च्या शपथ कायद्यात एक चमत्कारिक वाट ठेविली गेली: एखादा पक्षकार म्हणाला की, प्रतिपक्षाने त्याच्या धर्मात बंधनकारक असलेली अमुक शपथ घेऊन सांगितले तर मी ते मान्य करीन, आणि प्रतिपक्षाने ती घेतली, तर म्हणणाऱ्याच्या विरुद्ध तो निर्णायक पुरावा समजावा. शपथ घेण्याची सक्ती नव्हती; नाकारली तर नकाराची नोंद तेवढी व्हावयाची. म्हणजे रवादिव्याच्या आधी माघार घेणाऱ्या माणसाची जी परीक्षा गोतसभा पाहात असे, तीच मुन्सफाच्या कोर्टात राहिली. अट एवढीच घातली होती की, त्या शपथेने तिऱ्हाइतावर काही परिणाम होता कामा नये. तेव्हा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून किंवा बेचाळीस पिढ्यांना साक्षीस ओढून बोलणे बंद झाले. ही कलमे १९६९ च्या शपथ कायद्याने रद्द झाली. तेव्हापासून खोट्या साक्षीचा जाब विचारण्याचे काम सर्वस्वी फौजदारी कायद्याकडे आहे, आणि त्याची ती कलमे प्रत्यक्षात किती क्वचित लावली जातात, हे कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात वकिली केलेल्या माणसास विचारावे.