वर्ध्यातील जपानी साधना : शिक्षण आणि परंपरा

परदेशी विद्येस निष्णात गुरू लाभला म्हणजे ती नव्या भूमीत रुजतेच, असा नियम नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात आलेल्या दोन जपानी साधनांची तुलना केली असता हे स्पष्ट होते. त्यांपैकी एक शांतिनिकेतनात आली, दुसरी वर्ध्यास.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोकियोत कोदोकान ही संस्था स्थापून जुन्या जुजुत्सूला ज्यूदोचे रूप दिले. 'दो' म्हणजे मार्ग. ठराविक हालचालींची नित्य आवृत्ती आणि जोडीदाराबरोबरचा सराव हे या मार्गाचे दोन आधार होत. रवींद्रनाथांनी या विद्येसाठी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो यांना व १९२९ मध्ये कोदोकानचे शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात आणविले. तेथे मुलीही ज्यूदो शिकल्या. परंतु गुरूचा खर्च संस्थेस पेलेना. कलकत्त्याच्या महापालिकेने ताकागाकींस आश्रय द्यावा, हा रवींद्रनाथांचा प्रयत्नही फळास आला नाही. गुरू गेले आणि अध्यापनाची साखळी तुटली.

वर्ध्यास आलेली साधना मल्लविद्या नव्हती. तथापि नित्य आवृत्ती हाच तिचाही प्राण होता. निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचे संस्थापक निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटले. हातातील चपट्या डफावर ठोका देत सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप करणे, ही त्यांची उपासना. पुढे त्यांच्या संघाचा एक भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहिला. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर सरकारने त्यास अटक केली. गुरू येथेही गेला. पण गांधीजींनी त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायम ठेवला.

ही तुलना करताना एक भेद विसरता कामा नये. ज्यूदोत नवा गुरू घडण्यास अनेक वर्षे लागतात. मंत्र अल्पावधीत मुखोद्गत होतो. शिवाय सेवाग्रामात जे टिकले ते मूळ रूपात टिकले नाही. एका पंथाची अनन्य उपासना तेथे सर्वधर्मप्रार्थनेचे एक अंग बनली.

यावरून एवढा निष्कर्ष निघतो की, गुरूच्या कौशल्याइतकेच शिष्यसमूहाच्या दिनचर्येलाही महत्त्व आहे. जी विद्या केवळ गुरूच्या उपस्थितीवर अवलंबून असते, ती त्याच्याबरोबर जाते. जी दिनचर्येत मिसळते, ती राहते, पण स्वतःचे रूप पालटून.