निमाडचा गांजा आणि कायदा

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी भुसावळ सोडून बऱ्हाणपुरास आली की दोन्ही बाजूंस केळीच्या बागा व कापसाची शेते दिसतात. पुढे असीरगड मागे टाकून ती खांडव्यास पोहोचते. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु ह्याच निमाडात एके काळी सरकारी परवान्याने गांजा पिकत असे, ह्याची आठवण आता फारशी राहिलेली नाही. बऱ्हाणपूरचा स्वतंत्र जिल्हा २००३ साली झाला. तोवर तेही निमाडातच मोडत होते.

ब्रिटिश पार्लमेंटात ह्या प्रश्नाचा गवगवा झाल्यावर १८९३ साली सरकारने चौकशी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. ह्या वनस्पतीचे धार्मिक माहात्म्य सांगणारे टिपण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जे. एम. कॅम्बेल ह्यांनी लिहून दिले. सरसकट बंदी अन्यायाची व निष्फळ ठरेल. लागवड थोड्या क्षेत्रात आणावी, परवाना व कर लावावा, दुकाने मोजकी ठेवावी, असा निष्कर्ष आयोगाने १८९४ साली काढला. मध्यप्रांतात हे क्षेत्र खांडव्याच्या आसपासचे होते.

ही शेती कौशल्याची होती. ह्या वनस्पतीत नर व मादी झाडे निराळी असतात. नराचा पराग वाऱ्याने पसरला की मादीच्या तुऱ्यात बी धरते आणि गांजाचा कस जातो. म्हणून नर झाड फुलण्यापूर्वीच ओळखून उपटावे लागे. पीक खादाड, त्यास शेणखताची भर लागे. ह्या झाडाने जमीन आपोआप सुपीक होते, असे अलीकडे काही उत्साही लोक सांगतात. तेथे एक घोटाळा संभवतो. आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग गाडतो, त्यालाही इंग्रजीत ‘हेंप’ म्हणतात. पण तागाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. गांजाच्या झाडास ती शक्ती नाही. जमिनीतून घेतलेले पाला, खत आणि पिकांची फेरपालट ह्यांनी परत दिले, तरच ही शेती टिकाऊ होते.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने चित्र पालटले. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलांचे वा फळांचे तुरे. तुऱ्यांवेगळी पाने व बी त्यात येत नाहीत. म्हणूनच मध्यप्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात आणि उज्जयिनीस महाकाळाचा भांगेचा शृंगार होतो. झाड मात्र एकच! ते विनापरवाना लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सातपुड्याच्या कुशीत, शिरपूर तालुक्यात, पोलीस अशी शेते शोधून नष्ट करतात. देवाच्या शृंगारास भांग चालते आणि तेच झाड लावणारा डोंगरातला गरीब शेतकरी तुरुंगात जातो, ही विसंगती भाविकांनीही विचारात घेण्याजोगी आहे.

व्यसनाचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. गांजाने ज्यांचे संसार मोडले, त्यांचे दुःख खरे आहे. परंतु ह्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात धागा व बी ह्यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची मुभा सरकारास आहे. उत्तराखंडाने २०१८ पासून ह्या वाटेने पाऊल टाकले. पूर्वीच्या सरकारचा हेतू महसुलाचा होता, हे मान्य. तरीही त्याने आधी झाड ओळखले, शेतकऱ्यास विचारले, मग नियम केला. सातपुड्यातील शेतकऱ्यास निदान धाग्याचे पीक उघडपणे घेता यावे, एवढा विचार त्या जुन्या चौकशीवरून आजच्या कायदेकर्त्यांनी करावा.