देश मोजायचे कुणाच्या यादीने?

परदेशवारी करून आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘आतापर्यंत किती देश झाले?’ उत्तर सोपं वाटतं. पण यादी कुणाची धरायची, असं विचारलं की घोटाळा सुरू होतो. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य देश १९३. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या ‘ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लब’ या भटक्यांच्या संस्थेच्या यादीत मात्र तीनशेहून अधिक ठिकाणं आहेत. अलास्का आणि हवाई ही अमेरिकेचीच राज्यं, पण मुख्य भूमीपासून तुटलेली म्हणून तिथे वेगळी मोजतात.

मग निदान खंडांची मोजणी तरी पक्की असेल? तीही नाही. प्राचीन ग्रीकांच्या लेखी युरोप डॉन नदीपाशी संपत असे. रशियाच्या कैदेत सैबेरियात राहिलेल्या स्ट्रालेनबर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याने १७३० साली आपल्या ग्रंथात ही सीमा उरल पर्वतापर्यंत नेली. रशियन विद्वान तातिश्चेव्ह यांचाही तोच आग्रह होता. रशियाला युरोपीय सत्ता म्हणून मिरवायचं होतं; तिला ही रेषा सोयीची ठरली. नदी आणि पर्वत जागच्या जागीच राहिले, युरोप तेवढा पूर्वेला सरकला!

आता आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनाला १९५५च्या सुमारास सावंतवाडीहून गोव्यात गेलेला माणूस परदेशी जाऊन आला काय? सीमेवरचा पोर्तुगीज शिपाई ‘हो’ म्हणाला असता. सालाझार सरकारने १९५१ साली घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असं नाव दिलं होतं. म्हणजे कागदावर पणजी ही लिस्बनइतकीच पोर्तुगालची! यामागचा हिशेब सरळ होता. वसाहतच नाही, तर स्वातंत्र्य द्यायचं कशाला?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींनी हा हिशेब मानला नाही. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अनेकांनी प्राण गमावले. पुढे १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून, गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले हे ‘प्रांत’ म्हणजे स्वशासन न मिळालेले प्रदेश आहेत, असं ठरवलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालला ते मान्य करायला मात्र १९७४ साल उजाडलं.

प्रवाशासाठी यादी ही हौस असते. त्याने ती खुशाल करावी. पण ज्यांची भूमी त्या यादीत असते, त्यांच्यासाठी नाव कोणत्या रकान्यात पडतं हा जिवाचा प्रश्न असू शकतो. म्हणून देश मोजताना आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : साल कोणतं आणि यादी कुणाची. देवदर्शन करून परतलेल्या त्या सावंतवाडीकराला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, ‘परदेश कसला? कुलदेवतेला जाऊन आलो.’